पन्नीतलं डिस्चार्ज कार्ड : एका नेत्रदानाचा प्रकरण अभ्यास

मी एका नेत्रपेढीत समुपदेशक आहे. माणूस गेल्याचा फोन आला की तंत्रज्ञासोबत त्याच्या घरी जायचं, घरच्यांशी बोलायचं, संमतीपत्र भरून घ्यायचं आणि दात्याच्या आजाराची माहिती काढायची, हे माझं काम. खालच्या प्रकरणातली गावाची ओळख, नाती आणि वय यांतले काही तपशील बदलले आहेत. वेळा, तपासण्या आणि आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

मे महिन्याचा तिसरा आठवडा. रात्री २ वाजून ५० मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, वर्धा नदीकाठच्या आठ-दहा गावांत नेत्रदानाचं काम करणारे.

"आजी गेल्या जी, पावणेदोनले. पोरं तयार आहेत. पण शुगर होती, सतरा वर्षांपासून. चालते का?"

हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा येतो की उत्तर झोपेतही देता येतं : चालते. मधुमेह, रक्तदाब, चष्मा, दमा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांतल्या कशानेही नेत्रदान थांबत नाही. मी तेच सांगितलं. पंखा-कूलर बंद करा, पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या, हेही सांगितलं. ३ वाजून १० मिनिटांनी आमची गाडी निघाली. अंतर ६८ किलोमीटर, त्यातले शेवटचे अकरा खडीचे.

दात्या ६८ वर्षांच्या. मधुमेह सतरा वर्षं जुना, शेवटची चार वर्षं इन्सुलिन. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सात वर्षांपूर्वी शिबिरात काढलेला, भिंग बसवलेलं. नऊ दिवसांपूर्वी लकवा मारला. चार दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात होत्या. मग "आता काही होत नाही, घरी नेतो" असं म्हणून घरच्यांनी स्वतःच्या सहीवर सोडवून आणलं. पाच दिवस घरी, बेशुद्ध, नाकात नळी. गावातले डॉक्टर रोज येऊन एक सलाईन लावायचे आणि एक इंजेक्शन द्यायचे.

पोहोचलो तेव्हा ४ वाजून ४५ मिनिटं झाली होती. माजघरात तीस-पस्तीस माणसं, आणि कूलर सुरूच. बंद केला होता, पण बाया घामाघूम झाल्या म्हणून कुणीतरी परत लावला. विदर्भातल्या मे महिन्यात भरल्या घरात कूलर बंद करा म्हणणाऱ्याला काय उत्तर मिळत असेल याची मला कल्पना आहे, म्हणून मी दोष देत नाही. पण त्याचा झोत थेट आजींच्या तोंडावर होता, आणि डाव्या डोळ्यावरची घडी वाळून कागदासारखी कडक झाली होती.

माहिती कोणाकडून घेतली

संमतीपत्रावर सही केली थोरल्या मुलाने. कायद्याने ती पुरेशी आहे. दात्याने हयातीत अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाची संमती चालते. सही करणाऱ्यालाच मी आजाराची प्रश्नावली विचारली. एचआयव्ही? नाही. कावीळ? नाही. रक्ताचा कॅन्सर? नाही. गेल्या सहा महिन्यांत कुत्रा चावला? नाही. ताप, अंगात पू, जखम? नाही. बारा मिनिटांत फॉर्म भरून झाला.

कुत्र्याचा प्रश्न ऐकून माणसं चमकतात, म्हणून एक आडवळण घेते. रेबीज बुबुळातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून (कॉर्निया), दुसऱ्या माणसात जातो. १९७८ साली अमेरिकेत अशा प्रत्यारोपणानंतर रुग्ण दगावल्याची नोंद आहे. त्याआधी १९७४ साली क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा आजार एका दात्याकडून बुबुळावाटे गेल्याचं प्रसिद्ध झालं होतं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्यातून काही पसरत नाही असा समज आहे. तो खरा नाही.

फॉर्म झाल्यावर हात धुवायला मी घरामागे गेले. धाकटी सून पाणी घालत होती. डोळे सुजलेले, पदर कंबरेला खोचलेला. सहज विचारलं, आजींचं सगळं तुम्हीच करत होता का?

"मीच करत होती जी. दर दोन घंट्याले कूस बदलवत होती. तरी पाठीले जखम झालीच. वास मारत होती. अन् तीन दिवसांपासून अंग तापून राह्यलं होतं, पट्ट्या ठेवू ठेवू रात काढली."

मी म्हटलं, दादा तर ताप नव्हता म्हणाले.

"त्यायले काय ठाऊक. ते दुकानात राह्यते. मले कोणी इचारलंच नाही."

हा आमच्या प्रकरणाचा खरा आरंभ. फोनवर गुरुजींनी शुगर सांगितली, थोरल्याने शुगर सांगितली, ओट्यावर बसलेल्या काकांनीही शुगरच सांगितली. सतरा वर्षांचा आजार सगळ्या गावाला माहीत होता. शेवटच्या तीन दिवसांचा एकाच बाईला माहीत होता, आणि ती फॉर्मवर कुठेच नव्हती.

अडचण नेमकी काय होती

दात्याचे आजार बुबुळाच्या बाबतीत ढोबळमानाने दोन तऱ्हेचे असतात. काही आजार बुबुळाचा दर्जा बदलतात. काही आजार ते घेणाऱ्याला धोका करतात. लोक दोन्हींची गल्लत करतात. आम्हीही करतो, फक्त आमच्याकडे फॉर्म असतो.

मधुमेह पहिल्या तऱ्हेचा. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पदर असतो, एंडोथेलियम. या पेशी बुबुळातलं पाणी सतत बाहेर उपसतात, म्हणून बुबुळ काचेसारखं राहतं. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. जन्मापासून कमीच होत जातात, एक गेली की शेजारची पसरून जागा भरते. मधुमेहात त्यांचा आकार लहान-मोठा, वेडावाकडा होतो. शिवाय त्या ज्या पातळ पडद्यावर बसलेल्या असतात तो पडदा मागच्या थराला जास्त घट्ट चिकटतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये यांतल्या काही पेशी जातातच. ते ऑपरेशन किती वर्षांपूर्वीचं आणि कसं झालेलं, यावर किती गेल्या ते ठरतं. वयाचा मुद्दा मात्र लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. अमेरिकेतल्या कॉर्निया डोनर स्टडीत १२ ते ६५ आणि ६६ ते ७५ अशा दोन वयोगटांतल्या दात्यांची बुबुळं बसवून पाच वर्षं पाहिलं गेलं, तर दोन्हीकडे टिकण्याचं प्रमाण सारखंच, ८६ टक्के, आलं.

लकव्याने बेशुद्ध असलेल्या माणसाची पापणी पुरती मिटत नाही. पाच-सहा दिवस डोळा अर्धा उघडा राहिला की बुबुळाचा खालचा भाग सुकतो, वरचा पदर सोलून निघतो, तिथे जंतूंना वाट मिळते. हीसुद्धा दर्जाचीच गोष्ट.

जंतुदोष रक्तात पसरला असेल, ज्याला सेप्टिसीमिया म्हणतात, तर प्रकरण दुसऱ्या तऱ्हेत जातं. बुबुळ कितीही स्वच्छ दिसो, बसवल्यावर घेणाऱ्याच्या डोळ्यात आत पू होऊन डोळा जाऊ शकतो. म्हणून नेत्रपेढ्यांच्या निकषांत सेप्टिसीमिया हे प्रत्यारोपणासाठी बुबुळ नाकारण्याचं कारण आहे. पण ताप म्हणजे सेप्टिसीमिया नव्हे. शेवटच्या दिवसांत ताप बहुतेकांना येतो. तापावरून सगळी बुबुळं नाकारायची म्हटलं तर पेढीचा फ्रिज रिकामा राहील.

आता वेळेचं. मृत्यू १ वाजून ४० मिनिटांनी. आम्ही डोळे सहा तासांच्या आत काढतो, म्हणजे ७ वाजून ४० पर्यंत. मयत आठला निघणार होती.

पहिला निर्णय : घ्यायचं की नाही

परसातूनच आमच्या वैद्यकीय संचालकांना फोन लावला. त्यांनी मला उत्तर दिलं नाही, प्रश्न दिले. श्वास कसा चालला होता? लघवी किती होत होती? हातपाय थंड होते का? मी फोन कानाला लावून सुनेला विचारत गेले. श्वास धापेचा, कुत्र्याच्या उन्हातल्या धापेसारखा (हे शब्द तिचेच). लघवीची पिशवी शेवटच्या दिवशी जवळपास कोरडी. कपाळ जळत होतं आणि तळपाय बर्फ. हे ऐकून ते म्हणाले, "दवाखान्याचे कागद बघ."

कागद एका पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, होते. पन्नी जावयाच्या गाडीत होती. जावई रात्रीच वृद्ध आईला आणायला चंद्रपूरकडे गेले होते, फोन लागत नव्हता.

तीन वाटा होत्या. पहिली, इथेच थांबायचं, घरच्यांना नम्रपणे नाही म्हणायचं. दुसरी, बुबुळं काढायची, पण राखून ठेवायची, आणि कागद आल्यावर ठरवायचं. तिसरी, फक्त प्रशिक्षण आणि संशोधनासाठी म्हणून घ्यायची, प्रत्यारोपणाचा विषयच बंद करायचा.

तंत्रज्ञाचा कल पहिल्या वाटेकडे होता. त्याचं म्हणणं, संशयच असेल तर मेलेल्याच्या अंगाला हात कशाला लावायचा. मला ते पटत होतं. पण सुनेचं वर्णन हे निदान नव्हतं. घरात पाच दिवस एकही रक्त तपासणी झालेली नव्हती. तिच्या शब्दांवर नाही म्हटलं असतं आणि नंतर कागदात साधा छातीचा कफ निघाला असता, तर दोन बुबुळं वाया. संचालकांनी दुसरी वाट सांगितली, एका अटीवर : घरच्यांना आधी स्पष्ट सांगायचं की प्रत्यारोपण होईलच असं नाही, आणि संशोधन-प्रशिक्षणाच्या रकान्यावर वेगळी संमती घ्यायची.

मी माजघरात परत गेले, थोरल्याला बाजूला घेतलं आणि सुनेलाही बोलावलं. धाकटा मुलगा पुण्याहून पोहोचायचा होता, तो फोनवर. त्याने विचारलं, "बसवणार नसाल तर काढता कशाला?"

रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, बसवायचं की नाही ते काढून तपासल्यावरच कळतं, आणि काढायला सहा तासांपुढे जाता येत नाही. बसवता नाही आलं तर नवे डॉक्टर हात बसवायला वापरतील; तेही तुम्हाला मान्य नसेल तर आम्ही आत्ता निघतो, मनात काही ठेवणार नाही. थोरला बराच वेळ खाली बघत राहिला. मग त्याने भावजयीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माय म्हणत होत्या नं, द्या म्हणून." दुसऱ्या रकान्यावर सही झाली.

तंत्रज्ञाने ५ वाजून ४० ला सुरुवात केली. ही परवानगी २०११ च्या कायदा दुरुस्तीने प्रशिक्षित तंत्रज्ञांना दिली, नाहीतर आमच्यासारख्या भागात प्रत्येक घरी डॉक्टर कुठून नेणार? पोव्हिडोन आयोडीनने डोळे धुऊन, पूर्ण डोळा न काढता पांढऱ्याच्या कडेसह फक्त बुबुळाची चकती काढली. रक्ताचा नमुना घेतला. ६ वाजून १० ला कुपी बर्फाच्या डब्यात. आजींचा चेहरा आधी होता तसाच. सुनेने जवळ येऊन खात्री केली.

पेढीत काय दिसलं

कुपीतलं औषध कोणतं यावर बुबुळ किती दिवस टिकतं ते अवलंबून असतं. एम.के. माध्यमात चार दिवस, त्याहून महागड्या माध्यमांत चौदापर्यंत, तेही २ ते ८ अंश तापमानात. आमची एम.के. होती.

उजवं बुबुळ, म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं : आतल्या पडद्याला घड्या, पेशींची संख्या दर चौरस मिलिमीटरला १,४२०. दृष्टीसाठीच्या प्रत्यारोपणाला आम्ही किमान २,००० धरतो. त्यामुळे हे त्या कामाचं नाही, यात वाद नव्हता.

डावं बुबुळ : खालच्या तिसऱ्या हिश्श्यात वरचा पदर सोललेला, मधे किंचित धूसर. पण संख्या २,३८०. पेशी लहान-मोठ्या, नीट षटकोनी निम्म्याहून कमी. सतरा वर्षांची शुगर दिसत होती, पण संख्या टिकून होती. गुरुजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे : शुगर चालते, आणि शुगर दिसते.

रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस चारही नकारात्मक. इथे एक तपशील आम्ही मुद्दाम तपासतो. मृत्यूआधी भरपूर सलाईन किंवा रक्त चढवलेलं असेल तर नमुना पातळ होतो आणि नकारात्मक निकाल खोटा असू शकतो. सुनेने सांगितलेल्या बाटल्या मोजल्या : शेवटच्या दिवशी एकच, तीही दुपारी. निकालावर भरवसा ठेवता येत होता.

दुसरा निर्णय : वॉर्डातला एकतीस वर्षांचा माणूस

आता प्रकरणाची दुसरी बाजू. त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात एक शेतमजूर दाखल होता. कापसाचा हंगाम उरकल्यावर पऱ्हाटी उपटताना काडी डोळ्यात गेली, मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घातले, बुरशी वाढली. बुबुळाला भोक पडलं होतं, वरून गोंद लावून तात्पुरतं बंद केलेलं. त्याला बुबुळ दिसण्यासाठी नको होतं. डोळा वाचण्यासाठी हवं होतं, आणि लगेच. अशा वेळी पेशींची संख्या किंवा सोललेला वरचा पदर फार महत्त्वाचा नसतो. शल्यचिकित्सकांनी डावं बुबुळ मागितलं.

११ वाजून २० मिनिटांनी जावयाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पन्नीतून काढलेलं डिस्चार्ज कार्ड, घडीच्या रेषांनी भरलेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी २१,४००, म्हणजे खूप वाढलेल्या. छातीच्या एक्स-रेत उजवीकडे खाली छाया. आणि खाली हाताने लिहिलेलं : ॲस्पिरेशन न्यूमोनिया (अन्न-पाणी फुप्फुसात जाऊन होणारा), सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुदोष), आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. सुट्टी घेतली त्या दिवशीचं हे कार्ड. म्हणजे सुनेने सांगितलेला ताप तीन दिवसांचा असला तरी जंतुदोष पाच दिवसांपूर्वीच डॉक्टरांच्या मनात होता.

खोलीत दोघं होते आणि दोघांचं म्हणणं मी इथे शक्य तितकं प्रामाणिकपणे मांडते, कारण माझं अजूनही पूर्ण ठरलेलं नाही.

शल्यचिकित्सकांचं म्हणणं : प्रश्नचिन्ह आहे, निदान नाही, रक्ताची कल्चर तपासणी (जंतू उगवतात का ते पाहणारी) कुणी केलेली नाही. रुग्णाचा डोळा आधीच जंतूंनी भरलेला आहे, त्याला दिवसभर औषधं चालू आहेत. आज बुबुळ नाही लावलं तर उद्या डोळा काढावा लागेल. समोर असलेली हानी खरी, दात्याकडून येणारी हानी कागदावरची.

संचालकांचं म्हणणं : धापेचा श्वास, कोरडी लघवीची पिशवी, थंड पाय, २१,४०० आणि डॉक्टरांचा संशय, हे पाच वेगवेगळे पुरावे एकाच दिशेला जातात. कल्चर नाही याचा अर्थ जंतू नाहीत असा होत नाही. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला. ते म्हणाले, जे बुबुळ मी दिसण्यासाठी कुणाला बसवणार नाही, ते शेतमजुराला चालेल असं म्हटलं, तर तो निर्णय बुबुळाबद्दलचा राहत नाही.

वाद संपवला तो फ्रिजशेजारच्या कपाटाने. ग्लिसरीनमध्ये ठेवलेली तीन बुबुळं तिथे होती. त्यांत जिवंत पेशी नसतात, बसवल्यावर ती पांढरी पडतात, दृष्टी देत नाहीत. पण भोक बुजवतात आणि डोळा टिकवतात. संध्याकाळी सात वाजता त्यातलंच एक बसवलं. ही सोय नसती तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही.

निकाल

शेतमजुराचा डोळा राहिला. त्या डोळ्याने त्याला आज हाताची हालचाल कळते, जास्त नाही. बुरशी पूर्ण गेल्यावर दृष्टीसाठी दुसरं प्रत्यारोपण करावं लागेल, आणि तेव्हा चांगल्या पेशींचं ताजं बुबुळ लागेल.

आजींच्या बुबुळांच्या कडांची कल्चर तपासणी झाली. चौदा दिवस काही उगवलं नाही. शल्यचिकित्सकांनी तो कागद संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. संचालक म्हणाले, माध्यमात अँटिबायोटिक असतं, ते उगवू देत नाही. ते म्हणाले, मी उद्याही हेच करीन. दोघंही आपापल्या जागी आहेत.

दोन्ही बुबुळं प्रशिक्षणाला गेली. डाव्यावर एका कनिष्ठ डॉक्टरने आतला पातळ पडदा सोलण्याचा सराव केला, जसा डीमेक, म्हणजे फक्त तो पडदा बदलण्याच्या, शस्त्रक्रियेसाठी सोलावा लागतो. पडदा दोन ठिकाणी फाटला. मधुमेही दात्यात हा धोका जास्त असतो, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. चिमट्याला कळलं त्या दिवशी. डिसॅक या आतला थर बदलण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या १,३३० डोळ्यांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातही दात्याच्या मधुमेहाचा संबंध बुबुळ निकामी होण्याशी आणि पेशी जास्त घटण्याशी दिसला. म्हणून मधुमेही दात्याचं बुबुळ आम्ही नाकारत नाही, पण ते कोणत्या शस्त्रक्रियेला द्यायचं ते आता आधी विचारून ठरवतो.

घरच्यांना सांगायचं काम माझं. तेरवीच्या आदल्या दिवशी मी स्वतः गेले. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. थोरल्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, गावात सगळे विचारतात कोणाला बसवले, त्यांना काय सांगू? मी म्हटलं, खरं ते सांगा, तीन डॉक्टर त्यावर शिकले. त्याला ते फारसं पुरलं नाही, हे दिसत होतं. प्रमाणपत्र त्याने घेतलं, पण भिंतीवर लावलेलं नाही, असं गुरुजींकडून कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, फोनवर. गुरुजींनी शुगर विचारली, मी शुगरचं उत्तर दिलं आणि थांबले. "शेवटच्या आठवड्यात काय झालं, आणि दवाखान्याचे कागद कुठे आहेत" एवढे दोन प्रश्न त्याच वेळी विचारले असते, तर जावयाची गाडी निघण्याआधीच पन्नी घरात आली असती. तीनला निघालो तेव्हा ती गाडी अजून अंगणातच होती.

दुसरं, प्रश्न कोणाला विचारायचे. सही वारसाची लागते, माहिती उशाशी बसलेल्याची. आमच्या भागात ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि दुसरं माणूस बहुतेक वेळा सून किंवा मुलगी असते, जी माजघरात पुरुषांसमोर आपणहून बोलत नाही. मी हे आठ वर्षं पाहते आहे, आणि तरी फॉर्म घेऊन थोरल्यासमोरच बसले. परसात मला कळलं ते योगायोगाने.

तिसरं, जिल्ह्याच्या दवाखान्याचं. स्वतःच्या सहीवर घरी नेलेल्या रुग्णाचा पुढचा पाच दिवसांचा इतिहास कुठेच लिहिला जात नाही. दवाखान्यात मृत्यू झाला असता तर फाइल समोर असती आणि वीस मिनिटांत निर्णय झाला असता. घरच्या मृत्यूत आम्ही अंधारात चाचपडतो. हे आमच्या हातात नाही. गावातल्या डॉक्टरांना फोन करून "ताप किती, कोणतं इंजेक्शन" विचारणं मात्र हातात होतं. तेव्हा सुचलं नाही. पहाटे पाचला सुचलं असतं तरी त्यांनी उचलला असता की नाही, ते वेगळं.

चौथं लहान आहे पण मला ते सोडवत नाही. बेशुद्ध माणसाच्या पापण्या मिटवून चिकटपट्टी लावायची, वंगणाचं मलम घालायचं, हे त्या सुनेला कुणी शिकवलं नव्हतं. तिने दर दोन तासांनी कूस बदलली. डोळ्याचंही तिने तितक्याच निगुतीने केलं असतं. हे नेत्रदानासाठी म्हणत नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यासाठी म्हणते.

आता आमच्या फॉर्मवर संमतीच्या रकान्याआधी एक ओळ आहे : रुग्णाची शुश्रूषा कोण करत होतं, त्यांचं नाव आणि त्यांच्याशी वेगळं बोलणं झालं का. त्याखाली दुसरी : डिस्चार्ज कार्ड पाहिलं का. हे दोन्ही झाल्याशिवाय सही घेत नाही.

याची किंमतही आहे. जुलैत एका घरी मी सहीआधी फाइल मागितली आणि सुनेशी बोलायचं म्हटलं. मोठे काका चिडले. "माणूस गेलं आमचं, तुमी चौकशी करून राह्यले?" त्या घराने नेत्रदान केलं नाही. निघताना सुनेने दारातच फाइल माझ्या हातात दिली. गाडीत बसून वाचली. बुबुळ नाकारावं असं तिच्यात काहीही नव्हतं.